भूमिकेला नट कसा शोधावा, कसा निवडावा आणि कागदावर काय लिहावं

इंदूरमध्ये मराठी नाटक बसवणं सोपं असेल, असं बाहेरच्यांना वाटतं, कारण इथे नाटक बघणारे भरपूर आहेत. सानंद न्यास ही इथली संस्था पुण्या-मुंबईचं नाटक आणते तेव्हा वेगवेगळ्या प्रेक्षकगटांसाठी एकाच नाटकाचे लागोपाठ प्रयोग लावावे लागतात. पण बघणारे असणं वेगळं आणि करणारे सापडणं वेगळं. संहिता हातात येते, तालमीला सुदामानगरात कुणाचा तरी हॉल मिळतो, आणि मग सगळं एकाच प्रश्नापाशी अडतं: हे करणार कोण?

बहुतेक वेळा उत्तर ओळखीतूनच निघतं. मंडळातले नेहमीचे सहा-सात जण, आणि त्यांना बसतील तशा वाटलेल्या भूमिका. हौशी रंगभूमी याच जिव्हाळ्यावर इतकी वर्षं उभी आहे, त्यामुळे मी त्याला नावं ठेवणार नाही. पण आता इथली मुलं शॉर्टफिल्म करतात, नमकीन आणि साड्यांच्या जाहिराती इथेच शूट होतात, महेश्वरच्या घाटावर आणि मांडूला बाहेरची युनिट येऊन स्थानिक कलाकार मागतात. अशा कामात अनोळखी माणसं असतात, पैसा असतो, आणि उद्या ते काम कुठेही दाखवलं जाऊ शकतं. तिथे नुसती ओळख पुरत नाही.

माझं सांगणं थोडक्यात असं: चेहरा बघून नट निवडू नका. सूचना दिल्यावर तो त्याचं काय करतो ते बघून निवडा. आणि निवडलात की, माणूस सख्ख्या मामाचा मुलगा असला तरी, ठरलेलं सगळं कागदावर आणा.

पात्रनिवड हे दिग्दर्शनाइतकंच जबाबदारीचं काम आहे, हे जगाने तसं उशिराच मान्य केलं. ब्रिटनच्या बाफ्टा या चित्रपट अकादमीने कास्टिंगचा, म्हणजे पात्रनिवडीचा, वेगळा पुरस्कार 2020 मध्ये सुरू केला. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने तो 2024 मध्ये जाहीर केला आणि 2026 च्या सोहळ्यापासून लागू केला. आपल्याकडे छोट्या निर्मितीत हे काम अजूनही शेवटच्या आठवड्यात, फोनवर उरकलं जातं.

आधी भूमिका लिहून काढा

समजा, वीस मिनिटांची शॉर्टफिल्म करायची आहे. रामबागेतल्या जुन्या वाड्यात एक आजी एकटी राहते. मुलगा पुण्याहून आलाय. वाडा बिल्डरला द्यायचाय, तिची सही हवी आहे. ती हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही, त्याला जेवायला थांबवते. एवढीच गोष्ट.

आता या आजीसाठी नटी शोधायची म्हणजे नेमकं काय शोधायचं? पहिल्या मसुद्यात लोक लिहितात: "गोरी, घरंदाज, प्रेमळ दिसणारी." यातलं एकही विशेषण कामाचं नाही. कामाचं आहे ते वेगळंच. ती पडद्यावर पासष्ट ते पंचाहत्तरची वाटली पाहिजे. तिचं खरं वय छप्पन असलं तरी चालेल. तिचं मराठी इंदूरचं हवं, "काय करून राहिलास रे" असं सहज म्हणणारं, रागावली की हिंदीवर जाणारं. मुलगा मात्र पंधरा वर्षं पुण्यात राहिलेला आहे, त्याच्या बोलण्यात तो फरक दिसला पाहिजे. आजीला वाड्याचा उभा लाकडी जिना दिवसातून दहा वेळा चढता-उतरता आला पाहिजे, कारण एकाच शॉटचे अनेक टेक होतात. कॅमेरा हातांवर असताना पोळ्या लाटता आल्या पाहिजेत. नऊवारीत तिला अवघडल्यासारखं होता कामा नये.

ही यादी दोन भागांत लिहा: यावाचून चालणारच नाही ते एकीकडे, असेल तर बरं ते दुसरीकडे. पहिला भाग जितका छोटा, तितकी माणसं जास्त सापडतात. आपली बहुतेक मंडळी याच्या उलट करतात आणि मग इंदुरात कुणी मिळतच नाही, असं म्हणतात. रंग, नाकडोळे, उंची यांची गोष्टीला खरोखर गरज असेल तरच ते लिहा.

त्याच कागदावर नटाला आधी कळायला हवं असं सगळं टाका. केसांना रंग लावणं दीड महिना बंद ठेवावं लागेल. दोन रात्रींचं शूटिंग आहे. सीनमध्ये कुत्रा आहे, सिगारेट आहे, थप्पड आहे, जवळिकीचा प्रसंग आहे, जे असेल ते. तारखा किती, मानधन आहे की नाही, आहे तर अंदाजे किती. पैसे नसतील तर "पैसे नाहीत" असं सरळ लिहा. "एक्सपोजर मिळेल" हे वाक्य मला मनापासून नकोसं आहे. ज्याला फुकट काम करायचंय तो आनंदाने करेल, पण निर्णय त्याने पूर्ण माहितीवर घ्यावा.

आणि नाटक दुसऱ्याचं असेल तर लेखकाची प्रयोगाची परवानगी नट शोधायच्या आधी घ्या, नंतर नव्हे. चार जणांनी पाठांतर केल्यावर परवानगी नाकारली गेली, तर त्यांचा वेळ तुम्ही परत देऊ शकत नाही.

शोधायचं कुठे

इंदूरची मराठी नाट्यमंडळं तर आहेतच, पण तिथेच थांबू नका. रवींद्र नाट्यगृहात नाही तर जाल सभागृहात हिंदी नाटकांचे प्रयोग होतात, ते बघायला जा. हिंदी रंगभूमीवर काम करणारी अनेक मुलं घरी मराठी बोलतात. कॉलेजांच्या युवा उत्सवातल्या एकांकिका बघा. भोपाळला मध्य प्रदेश नाट्य विद्यालय 2011 पासून आहे, तिथून शिकून बाहेर पडलेले नट राज्यभर विखुरलेले आहेत. भोपाळ इथून दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे, उज्जैन आणि देवास तर हाकेच्या अंतरावर. फक्त येण्याजाण्याचा खर्च हिशेबात धरा.

आजीसारख्या भूमिकेसाठी माझा कल नाटकाबाहेरच्या बायकांकडेही असतो. भजनी मंडळात पुढे बसून गाणाऱ्या, शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या, गणेशोत्सवात सूत्रसंचालन करणाऱ्या. चारचौघांत बोलायची ज्यांना सवय आहे त्यांची भीड अर्धी आधीच मोडलेली असते. पण त्यांनाही इतरांसारखीच ऑडिशन द्यायला लावा. नाही तर निवड ऑडिशनवर झाली की ओळखीवर, हे कुणालाच कळत नाही.

दोन पानांचा सीन

ऑडिशनसाठी संहितेतला दीड-दोन पानांचा तुकडा निवडा. पूर्ण संहिता पाठवायची गरज नाही, पण गोष्टीचा चार ओळींत सारांश आणि पात्राची माहिती जरूर द्या. किमान दोन दिवस आधी पाठवा. आयत्या वेळी कागद हातात दिला तर तुम्हाला कळतं ते एवढंच की तो भरभर वाचू शकतो का.

सीन कोणता? सगळ्यात रडका नको. कळसाचा प्रसंग वाचायला दिला की प्रत्येक जण रडतो आणि कोण बरा ते कळत नाही. ज्यात मध्ये काही तरी बदलतं असा तुकडा घ्या. आमच्या उदाहरणात: मुलगा कागद पुढे करतो, आजी विषय बदलते, तो चिडतो, ती म्हणते, "तिजोरीची किल्ली तिथेच आहे, खुंटीवर. आधी पानं घेते." सीनच्या सुरुवातीला मुलाची बाजू वरचढ असते, शेवटी तिची होते. हे वळण कोण पकडतं ते बघायचं.

खोलीत काय होतं

इथे जरा थांबून सांगते, कारण सगळी निवड या पंधरा मिनिटांत होते आणि इथेच सगळ्यात जास्त घाई केली जाते.

प्रत्येकाला वेगळी वेळ द्या. सगळ्यांना अकराला बोलावून तीनपर्यंत ताटकळत ठेवलं तर दोन वाजता येणारं वाचन थकलेल्या माणसाचं असतं. एकाचं ऑडिशन दुसऱ्यांसमोर घेऊ नका. खोलीत दिग्दर्शक, कॅमेरा सांभाळणारा एक जण आणि समोरचं पात्र वाचणारा एक जण, एवढे पुरे. हा समोर वाचणारा फार महत्त्वाचा. त्याने अभिनय करून भाव खायचा नाही, पण सपाट बातम्या वाचल्यासारखंही वाचायचं नाही. डोळ्यांत बघून, नीट ऐकून वाक्य द्यायचं. वाक्य असं मिळालं की नटाला प्रतिक्रिया द्यायला काही तरी हाती लागतं.

आल्यावर दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोला. नाव, राहणं कुठे, पूर्वी काय केलंय, तारखा चालतील का, हे कॅमेऱ्यासमोरच विचारा. माणूस साधा बोलतो कसा ते त्यात दिसतं, आणि पुष्कळदा सीनमधल्या वाचनापेक्षा ते जास्त खरं असतं.

मग पहिलं वाचन. मध्ये टोकू नका. चुकलं, अडलं तरी शेवटपर्यंत जाऊ द्या. पहिल्या वाचनात नटाची घरची तयारी दिसते, त्याने स्वतः काय विचार केलाय ते दिसतं. त्यावर लगेच मत बनवू नका.

खरी परीक्षा दुसऱ्या वाचनाची. आता एक सूचना द्या आणि तोच सीन पुन्हा घ्या. सूचना कशी द्यायची यावर सगळं अवलंबून आहे. "जरा अजून दुःखी करा", "थोडं कमी करा", "फील आणा" असल्या सूचनांनी नट गोंधळतो, कारण दुःख हे करायचं काम नाही. त्याला काही तरी करायला द्या. आजीचा सीन पहिल्यांदा वाचताना बहुतेक बायका "किल्ली तिथेच आहे, खुंटीवर" हे वाक्य आवंढा गिळून, भरल्या आवाजात म्हणतात. तेव्हा मी म्हणते: "तुम्हाला वाड्याचं काही वाटत नाही असं समजा. तुम्हाला फक्त एवढंच हवंय की तो आज जेवून जावा. तो दाराकडे बघतोय. त्याला बसवा."

आणि मग जे घडतं ते बघण्यासारखं असतं. एखादी बाई तेच वाक्य तसंच, फक्त हळू आवाजात म्हणते; तिने सूचना ऐकली, पण ती तिच्यापर्यंत पोचली नाही. दुसरी एखादी "किल्ली तिथेच आहे" हे पाठ फिरवून, डबा उघडत असल्यासारखं म्हणून टाकते, आणि "आधी पानं घेते" म्हणताना मात्र वळून त्याच्याकडे बघते. सगळा जोर त्या दुसऱ्या वाक्यावर जातो. वाड्याबद्दल ती एक अक्षर बोललेली नसते, पण आपल्याला वाडा दिसतो. मला ती दुसरी बाई हवी, पहिलं वाचन तिचं कितीही साधं झालं असलं तरी. शूटिंगच्या दिवशी उन्हं उतरत असताना मला तिला एक वाक्य सांगायचं असेल आणि पुढच्या टेकमध्ये बदल हवा असेल. तो बदल ती देऊ शकते, हे आज कळलेलं असतं.

सूचना मुद्दाम अगदी वेगळी द्या, तुम्हाला अखेर हवी असलेलीच असली पाहिजे असं नाही. सीन हसत करायला सांगा, घाईत करायला सांगा. तुम्हाला त्याची लवचीकता बघायची आहे. त्याने प्रश्न विचारला तर ते चांगलं लक्षण समजा.

प्रत्येक ऑडिशन रेकॉर्ड करा, पण आधी विचारून, आणि ते रेकॉर्डिंग निवडीसाठीच वापरलं जाईल असं सांगून. संध्याकाळी लगेच न बघता दोन दिवसांनी बघा. खोलीतला गप्पिष्टपणा आणि ओळखीचा प्रभाव तोवर ओसरलेला असतो.

सेल्फ टेप, म्हणजे नटाने स्वतःच फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेली ऑडिशन, मागवायची असेल तर सूचना लेखी आणि नेमक्या द्या. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर. मागे साधी भिंत. खिडकीचा उजेड चेहऱ्यावर, पाठीमागून नाही. समोरचं वाचणारा कॅमेऱ्याच्या शेजारी, म्हणजे नजर लेन्सच्या जवळ राहते. आधी नाव, उंची, शहर, मग सीन. दोनपेक्षा जास्त टेक मागू नका. दुसऱ्या वाचनाची गंमत सेल्फ टेपमध्ये मिळत नाही, म्हणून टेपवरून फक्त गाळणी लावा. शेवटची निवड समोरासमोर, अगदीच नाही जमलं तर व्हिडिओ कॉलवर करा.

दुसऱ्या फेरीत जोड्या लावून बघा. आजी आणि मुलगा वेगवेगळे उत्तम असतात आणि एकत्र आले की आई-मुलगा वाटतच नाहीत, असं होतं. तीन आज्या, तीन मुलगे, फिरवून फिरवून तोच सीन. एक दुपार जाते, पण त्या दुपारीच चित्रपट उभा राहतो.

पैशाचं बोलणं

मराठी माणसाला पैशाचं बोलायला अवघड वाटतं, म्हणून ते शेवटी येतं आणि तिथेच बिनसतं. नाटकात मानधन प्रयोगामागे ठरतं, व्यावसायिक रंगभूमीवर त्याला नाइट म्हणतात. त्यात तालमींचे पैसे धरलेत का, हे स्पष्ट करा. शूटिंगमध्ये दिवसामागे ठरतं किंवा पूर्ण कामाचं एकरकमी. एकरकमी ठरवलं तर किती दिवसांचं, आणि दिवस वाढला तर काय, हे त्याच क्षणी बोला. डबिंगचा दिवस, लुक टेस्टचा (कपडे-मेकअप करून बघायचा) दिवस, शूटिंग रद्द झालं तर काय, प्रवास, जेवण, रात्री उशिरा सुटल्यावर घरी सोडणं, हे सगळं मानधनाव्यतिरिक्त आहे आणि तुमच्या बजेटमध्ये वेगळ्या ओळीत असलं पाहिजे.

निर्मिती एखाद्या कंपनीच्या नावावर असेल तर नटाच्या फीवर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकराचा भाग, कापावा लागतो. अभिनय हा व्यावसायिक सेवेत मोडतो, दर साधारण 10 टक्के, आणि एप्रिल 2025 पासून वर्षाला 50 हजारांवरच्या रकमेला तो लागू होतो. पॅन क्रमांक आधीच घेऊन ठेवा, आणि नटाला हे आधी सांगा, म्हणजे हातात कमी पैसे आल्यावर तो गैरसमज करून घेणार नाही. बाकी बारकावे सीएला विचारा.

करारात काय हवं

दोन पानांचा करार पुरतो, आणि तो मराठीत किंवा हिंदीत असला तरी चालतो; दोघांना नीट कळणं महत्त्वाचं. कोण, कोणती भूमिका, कोणत्या तारखा, किती पैसे, कधी मिळणार, कोणी माघार घेतली तर काय, नामावलीत नाव कसं येणार. आगाऊ रक्कम सहीबरोबरच द्या.

सगळ्यात महत्त्वाचं कलम वापराचं. हे काम कुठे दाखवणार? फक्त महोत्सवात, की यूट्यूबवर, की पुढे एखाद्या ओटीटीला विकणार? जाहिरात असेल तर किती महिने, कोणत्या राज्यांत, होर्डिंगवर फोटो लागणार का? नमकीनच्या जाहिरातीत एकदा चेहरा दिसला की दुसरी नमकीन कंपनी त्या नटाला वर्षभर घेत नाही, म्हणून मुदत आणि मोबदला यांची सांगड घालावीच लागते.

आपल्या कॉपीराइट कायद्यात नटाचे स्वतःचे हक्क आहेत, हे फार थोड्यांना माहीत असतं. 1957 च्या या कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. चित्रपटात काम करायला नटाने लेखी संमती दिली की, करारात वेगळं ठरलं नसेल तर, निर्मात्याने ते काम वापरण्याला त्याला हरकत घेता येत नाही. पण व्यावसायिक वापरातून मोबदल्याचा त्याचा हक्क कायदा मान्य करतो. शिवाय आपलं काम आपल्या नावाने ओळखलं जाणं, आणि आपली बदनामी होईल अशी त्याची मोडतोड थांबवणं, हे हक्क त्याच्याकडेच राहतात. संपादनात सीन कापला म्हणजे मोडतोड नव्हे, हेही कायद्यात लिहिलेलं आहे. हे हक्क 50 वर्षं टिकतात. गर्दीतल्या, नामावलीत ज्याचं नाव येत नाही अशा किरकोळ कामाला मात्र यातलं बहुतेक लागू होत नाही. लेखी संमती मिळाली की नटाला वापराला हरकत घेता येत नाही, म्हणून ती घेणं निर्मात्याच्याच फायद्याचं आहे.

आता आणखी एक कलम घालाच: नटाचा चेहरा किंवा आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार करून, त्याच्या वेगळ्या लेखी परवानगीशिवाय, वापरणार नाही. छोट्या निर्मात्यालाही हे आज फोनवर करता येतं. एका दिवसाच्या मानधनात एखाद्याचा आवाज कायमचा घेऊन टाकणं मला अजिबात मान्य नाही.

भूमिका लहान मुलाची असेल तर

इथे नियम कडक आहेत आणि ते तसेच हवेत. चौदा वर्षांखालच्या मुलाला चित्रपट, मालिका, जाहिरात अशा कामात घेता येतं, पण बालकामगार कायद्याच्या नियमांनुसार आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे कलेक्टरांची, परवानगी लागते. ती ज्या जिल्ह्यात शूटिंग आहे तिथली. महेश्वरला करत असाल तर खरगोन जिल्ह्याची. सोबत निर्मात्याचं हमीपत्र, मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षेला जबाबदार माणसाचं नाव. हमीपत्र सहा महिने चालतं. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त विश्रांतीशिवाय नाही, सलग 27 दिवसांपेक्षा जास्त नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती. शाळा बुडता कामा नये. मुलाच्या कमाईतली किमान 20 टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत जायला हवी. आणि मुलाची स्वतःची इच्छा हवी, आई-बाबांची हौस पुरेशी नाही. अठराच्या आतल्या कुणाशीही थेट करार करू नका, तो कायद्याने टिकत नाही. सही पालकांची घ्या.

मुलाची ऑडिशन घेताना त्याला रडायला लावणारी माणसं मी पाहिली आहेत. तसं करू नका. त्याच्याशी खेळ खेळा, त्यातच कळतं.

विश्वास

इंदूरसारख्या शहरात "मुंबईच्या सिरीजसाठी कास्टिंग" म्हणून मुलांकडून नोंदणीचे, पोर्टफोलिओचे, कार्डाचे पैसे घेणारे फिरतात. तुम्ही खरे असाल तर तुमच्या सूचनेत ठळक लिहा: ऑडिशनला कोणतंही शुल्क नाही. निर्मात्याचं नाव, जागेचा पत्ता, जबाबदार माणसाचा फोन द्या. ऑडिशन हॉटेलच्या खोलीत किंवा कुणाच्या घरी नको. तालमीचा हॉल, शाळा, संस्थेची जागा घ्या, दिवसा घ्या. मुलगी बरोबर कुणाला घेऊन आली तर त्यांना बाहेर बसायला खुर्ची आणि पाणी द्या. खोलीत तुमच्या बाजूने एक तरी बाई असू द्या. जवळिकीचा प्रसंग ऑडिशनमध्ये करून बघायची गरज कधीही नसते.

केरळच्या चित्रपटसृष्टीवरचा हेमा समितीचा अहवाल 2024 मध्ये बाहेर आला तेव्हा कामाच्या बदल्यात काय काय मागितलं जातं यावर देशभर बोललं गेलं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा नाटक-सिनेमालाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागते. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, सर्वसाधारणपणे तीन महिन्यांच्या आत. तालमीच्या हॉलमध्ये हे एका कागदावर लिहून लावायला पाच मिनिटं लागतात.

नाटकाचं थोडं वेगळं

नाटकात निवडीच्या वेळी आवाज शेवटच्या रांगेतून ऐका. हॉलमध्ये गोड वाटणारा आवाज रवींद्र नाट्यगृहाच्या मागच्या खुर्च्यांपर्यंत पोचतोच असं नाही. आणि तालमींची उपलब्धता आधी विचारा, अभिनय नंतर. नोकरी करणारा, संध्याकाळी साडेसातला येऊ शकणारा बरा नट हा आठवड्यातून दोनदा येणाऱ्या उत्तम नटापेक्षा हौशी नाटकाला जास्त उपयोगी पडतो. हे मला आवडत नाही, पण ते खरं आहे. दौरा असेल, प्रयोग वाढण्याची शक्यता असेल, तर प्रमुख भूमिकांना बदली कलाकार पहिल्याच दिवशी ठरवा आणि त्यांनाही तालमींना बसवा, मानधन देऊन.

निवड झाल्यावर

निवडलेल्याला फोन करा आणि चोवीस तासांत करार पाठवा. दुसऱ्या क्रमांकावर जी आहे तिला मात्र लगेच नकार कळवू नका. तिला खरं सांगा की निर्णय दोन दिवसांत होईल. सही झाली की तिलाही फोन करा. बाकी सगळ्यांना निरोप पाठवा, एकालाही वाट बघत ठेवू नका. "यावेळी जमलं नाही, तुमचं वाचन आम्ही जपून ठेवू का?" असं विचारलं तर बहुतेक हो म्हणतात. त्या रेकॉर्डिंगांची नावं, वय, भाषा, तारीख लिहून नीट फोल्डर करा. पुढच्या वर्षी कुणी तरी शेजारच्या काकूंची भूमिका घेऊन येईल, आणि तेव्हा "आधी पानं घेते" असं वळून बघत म्हणणाऱ्या बाईंचा नंबर हाताशी असेल.